घरी बांधलेल्या ड्रॅग गाडीसाठी क्लचपासून एक्सलपर्यंतचे पार्ट कसे निवडावेत

ड्रॅग म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ ४०२ मीटर धावायची शर्यत. इंजिन बसलंय, माउंट वेल्ड झालेत आणि गाडी मागच्या चाकांवर ओढणारी आहे, एवढं मी धरून चालतो. त्यापुढच्या, क्लच ते एक्सल या पार्टबद्दल जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत एकच सल्ला मिळतो: "मोठा रेशो टाक भाऊ, गाडी उडी जाई." रेशो म्हणजे चाकाकडच्या बाजूच्या एका फेरीसाठी इंजिनाकडची बाजू किती फेऱ्या घेते तो आकडा. या एका वाक्यावर विसंबून भंगारातून जीपची हाऊसिंग, म्हणजे मागच्या एक्सलची पेटी, उचलू नका.

गिअरबॉक्स इंजिनाबरोबर आलेलाच ठेवा. प्रत्येक गिअरचा रेशो मात्र वहीत लिहून घ्या.

क्लच प्लेट नवी, प्रेशर प्लेट कडक. बिडाचं फ्लायव्हील हलकं करायला लेथवर देऊ नका. जास्त आरपीएमला ते फुटलं तर तुकडे बेल हाऊसिंग फाडून थेट ड्रायव्हरच्या पायात येतात. हलकंच हवं असेल तर स्टीलचं बनवून घ्या.

आता क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरचा जोड. मी सगळ्यात जास्त याच ठिकाणी अडकलो होतो, कारण जो तो सुरुवातीच्या झटक्याचा विचार करून रेशो सांगतो. हिशेब शेवटाकडून करायचा असतो. ४०२ मीटरची रेषा ओलांडताना गाडीचा वेग किती असेल, ते आधी काढा. हॉर्सपॉवरला ड्रायव्हरसकट वजनाने, किलोमध्ये, भागा, त्याचं घनमूळ काढा आणि २९० ने गुणा. १२० हॉर्सपॉवर आणि ११०० किलो असेल तर उत्तर ताशी साधारण १३८ किलोमीटर येतं. अंदाजच आहे, पण रेशो निवडायला पुरतो.

मग टायरचा घेर. टायरवर लिहिलेल्या मापावर जाऊ नका. ड्रायव्हरला आत बसवा, टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करा, गाडी ढकलून चाकाची एक फेरी पूर्ण करा आणि टेपने मोजा. २०५/६५ आर १५ टायरला २.०३ मीटरच्या आसपास येईल. १३८ च्या वेगाला हे चाक मिनिटाला सुमारे ११३३ फेऱ्या घेतं.

आता इंजिनाची पूर्ण ताकद ५८०० आरपीएमच्या आसपास आहे असं धरा. रेषा चौथ्या, म्हणजे डायरेक्ट (रेशो १) गिअरमध्ये गाठायची तर रेशो ५.१ च्या आसपास हवा. जवळचा ४.८७५, म्हणजे ३९ आणि ८ दातांचा जोड. मेकॅनिक हाच सुचवतो. पण तिसऱ्या गिअरचा रेशो १.४ असेल, तर ३.७३ चा जोड, ४१ आणि ११ दातांचा, तीच रेषा तिसऱ्यातच ५९०० ला गाठून देतो. एक गिअर बदलणं वाचतं. पिनियनला दात जास्त म्हणून ते जाडही असतं. सुरुवात मंद होईल ही भीती सोडा. पहिला गिअर ३.६ चा असेल तर ४.८७५ ला एकूण रेशो साडेसतरा होतो आणि साध्या टायरची चाकं जागच्या जागी फिरतात. ३.७३ ला तो १३.४ येतो आणि टायरची पकड साधारण तेवढाच जोर झेलते. साध्या टायरवर मी कमी रेशोच घेतो, आणि तुम्हीही तोच घ्या.

भंगारात हाऊसिंग उघडू देत नाहीत. म्हणून एक चाक धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि तेवढ्यात पिनियनचा फ्लँज किती फेऱ्या फिरतो ते मोजा. पावणेचारला जरा कमी आल्या तर ३.७३. विकणाऱ्याच्या तोंडी रेशोवर एक रुपयाही देऊ नका.

डिफरन्शियल वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. दोन्ही चाकं एकत्रच फिरावीत म्हणून त्याचे छोटे गिअर वेल्ड करून लॉक करायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. ते गिअर कडक केलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ते ठिसूळ होतात आणि एखादा तुकडा उडून क्राउनच्या दातांत अडकतो. एकच एक घन तुकडा मशीनवर करून घ्या किंवा लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक आवरणारं डिफरन्शियल, बसवा. पण लक्षात ठेवा: साधं डिफरन्शियल जोर दोन्ही शाफ्टना सारखा वाटतं, लॉक केलेल्यात तो सगळा एकाच शाफ्टवर येऊ शकतो. एक्सल शाफ्ट निवडताना हा पूर्ण जोर धरा. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या खाचांवर, पीळ दिसला, अगदी केसाएवढा, तरी तो शाफ्ट परत करा.

गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट लहान केल्यावर बॅलन्स केल्याशिवाय लावू नका. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग भेटतात, तिथे ट्रकची कामं करणाऱ्यांकडे चौकशी करा. पुढच्या क्रॉसपासून (शाफ्टच्या टोकाचा सांधा) ६ इंचांच्या आत शाफ्टभोवती पूर्ण गोल पट्टी लावा, ६ मिलिमीटर जाड, २ इंच रुंद. क्रॉस तुटला की शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून जमिनीत रुततं आणि गाडी उचलली जाते. ही पट्टी नसलेल्या गाडीत मी बसत नाही.

हाऊसिंगमध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर तेल, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ८५डब्ल्यू-१४०. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, पातळ तेल तिथे टिकत नाही. गिअरबॉक्सला मात्र जीएल-४ घाला. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतात. नवा जोड बसवल्यावर आधी सावकाश चालवा आणि पहिलं तेल लवकर काढून टाका. त्यात चकचकीत बारीक कण दिसणं ठीक आहे. बोटाला टोचणारा कण लागला तर हाऊसिंग उघडा आणि दातांवरचं मार्किंग, म्हणजे दात एकमेकांना कुठे टेकतात ती खूण, पुन्हा तपासा.