महापालिकेचे रोखे घेण्याआधी ताळेबंद कसा वाचावा

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, व्याजदर ७.५९ टक्के. इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे) सामान्य गुंतवणूकदारांसाठीही खुले केले. असे रोखे सेबीच्या, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेच्या, २०१५ च्या नियमांखाली येतात. सेबी माहिती उघड करायला लावते, परतफेडीची हमी मात्र देत नाही. राज्य सरकारची हमी नसेल, तर पैसे महापालिकेच्याच उत्पन्नातून यायचे.

त्यामुळे रोख्यांच्या विक्रीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकातले लेखापरीक्षित हिशेब काढा, निदान तीन वर्षांचे. अंदाजपत्रकावर विसंबू नका. त्यात अपेक्षित जमा असते, आलेली नाही.

पहिली फसगत होते ती बँकेतल्या शिलकेपाशी. महापालिकेकडचा सगळा पैसा तिला हवा तसा खर्च करता येत नाही. राष्ट्रीय नगरपालिका लेखा संहितेत (२००४) प्रत्येक शीर्षाला संकेतांक आहे. काही राज्यांत थोडा फरक असतो, तेव्हा नावही पडताळा. रोख व बँक शिल्लक (४५०) आणि गुंतवणुका (४२०, ४२१) यांची बेरीज करा. त्यातून राखीव कामांचे निधी (३११), विशिष्ट कामासाठी आलेली अनुदाने (३२०), ठेकेदारांच्या अनामत रकमा (३४०) आणि ठेव-कामांचे, म्हणजे इतरांची कामे करून देण्यासाठी त्यांनी आगाऊ भरलेले, पैसे (३४१) वजा करा. समजा शिल्लक व गुंतवणुका ३०० कोटी आहेत. राखीव निधी ५०, अनुदाने १४०, अनामत ६० आणि ठेव-कामे १० कोटी. मोकळे उरले ४० कोटी. उत्तर उणे आले, तर एका कामाचा पैसा दुसरीकडे वळवला गेल्याची दाट शक्यता असते. अशा वेळी लेखापरीक्षकाचे शेरे अक्षर न् अक्षर वाचा. खरी गोष्ट बहुधा तिथेच सापडते.

दुसरी जागा थकबाकीची. हिशेब उपार्जित पद्धतीचा असल्याने मालमत्ता कराची मागणी लावली की ती उत्पन्नात धरली जाते, वसुली होवो न होवो. म्हणून कागदावर आधिक्य (उत्पन्नातून खर्च वजा जाता उरलेली रक्कम) दिसते आणि पगाराला पैसे नसतात. येणे रकमा (४३१) करउत्पन्नापेक्षा (११०) वेगाने वाढत असतील, तर वसुली ढिली आहे. जुन्या थकबाकीसाठी तरतूद (४३२), म्हणजे बुडेल असे धरून बाजूला काढलेली रक्कम, किती केली तेही बघा. ती नगण्य असेल, तर आधिक्य फुगवलेले आहे.

मग परतफेडीची ताकद काढा: आधिक्य, व्याजखर्च (२४०) आणि घसारा (२७२; मालमत्तेच्या झिजेचा कागदोपत्री खर्च, यात रोख पैसा जात नाही) यांची बेरीज, भागिले वर्षभराचे व्याज व मुद्दलाचे हप्ते. भागाकार १ च्या खाली असेल तर रोखे घेऊ नका. दीडच्या आसपास असला, तरी थकबाकीत वाढलेली रक्कम आधिक्यातून वगळून पुन्हा मोजा. मुद्दल शेवटी एकरकमी द्यायचे असेल, तर वार्षिक हप्ता दिसतच नाही आणि हा आकडा उगाच चांगला येतो. तिथे कर्ज निवारण निधीत, म्हणजे मुद्दल फेडण्यासाठी साठवायच्या वेगळ्या निधीत, दरवर्षी किती भरणार, ती रक्कम हप्ता म्हणून धरा.

शेवटी एस्क्रो खाते, म्हणजे रोख्यांच्या परतफेडीसाठी ठरलेले उत्पन्न आधी जिथे जमा होते ते राखीव बँक खाते. त्यात कोणता कर किंवा पाणीपट्टी जमा होणार, ती गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल झाली आणि त्याच उत्पन्नावर बँकेच्या जुन्या कर्जाचा (३३०) पहिला हक्क आहे का, हे माहितीपत्रकात शोधा. पहिला हक्क बँकेचा असेल, तर तिचा हप्ता आधी वजा करून उरलेल्यावरच व्याजाचा हिशेब मांडा.