प्रदर्शनासाठी प्रिएनी शहराचं मॉडेल: पुठ्ठ्यातून उतार आणि गाळ

प्रिएनी हे प्राचीन ग्रीक शहर आज तुर्कस्तानात आहे, मिकाली डोंगराच्या दक्षिण उतारावर. शहर इ.स.पू. चौथ्या शतकात नव्याने वसलं. सोलापूरच्या मुलांना किल्ला म्हटलं की भुईकोटच आठवतो, म्हणून मॉडेल बहुतेक वेळा सपाट होतं. तिथेच ते फसतं.

प्रमाण 1:1000 घ्या, म्हणजे 1 मीटरला 1 मिलीमीटर. पाऊण मीटर चौरस प्लायवुड पुरतं. चादरींच्या पॅकिंगचा पाच प्लायचा पुठ्ठा साधारण 5 मिमी जाड असतो, म्हणजे एक थर 5 मीटर चढाचा. उत्तरेकडच्या कड्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 370 मीटर उंच, म्हणजे मॉडेलवर 37 सेंमी. तेवढे थर लावत बसू नका. आत रिकामं खोकं ठेवा, वरून कागदाचा लगदा थापा. काळी माती नको, वाळताना तिला भेगा पडतात. लगदाही एकदम जाड थापला की आत ओला राहतो आणि पुठ्ठा फुगतो. पातळ थर, उन्हात पूर्ण वाळू द्या, मग पुढचा.

रस्त्यांमधले घरांचे आयताकृती गट 47 बाय 35 मिमीचे कापा. मुख्य रस्ता 7 मिमी, बाकीचे 4. पूर्व-पश्चिम रस्ते जवळपास सपाट. उत्तर-दक्षिण गल्ल्या मात्र उतारासाठी वळत नाहीत, सरळ वर जातात. म्हणून त्यांना पायऱ्या द्या. घरांना धाबं नको, कौलारू छप्पर आणि मधे चौक, आपल्या वाड्यासारखा.

अथेना या ग्रीक देवीचं मंदिर साधारण 37 बाय 20 मिमी. अलेक्झांडरने ते अर्पण केल्याचा शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. समोर 6, बाजूला 11 खांब. कोपरे दोनदा मोजले की 34 होतात, हवेत 30. आगपेटीच्या काड्या इथे जाड दिसतात, उदबत्तीच्या घ्या.

आता समुद्र. पायथ्याशी निळा रंग फासू नका. मिअँडर नदीच्या गाळाने किनारा शहरापासून दूर ढकलला. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या काळापर्यंतच शहर समुद्रापासून 40 स्टेडिया, म्हणजे सुमारे 7 किलोमीटर आत गेलं होतं. या प्रमाणात ते 7 मीटर, वर्गाची भिंत येईल. म्हणून दक्षिणेला भुरकट सपाट पट्टी ठेवा आणि कडेला बाण काढून अंतर लिहा. कोणी विचारलंच, तर उजनीचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन सांगा, लगेच कळतं.