सोलापूरला कायमचे परतताना

तीस-पस्तीस वर्षे परदेशात काढून उतारवयात सोलापूरला परतायचे असेल, तर तो निर्णय गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत घेऊ नये. संक्रांतीला हवा गार असते, नंदीध्वजांची मिरवणूक डोळे भरून पाहता येते, ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते, आणि आता इथेच राहावे असे वाटू लागते. मलाही तसेच वाटले होते. त्याऐवजी एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, दोन महिने भाड्याने राहून पाहावे.

घर निवडताना पाण्याची चौकशी सर्वांत आधी करावी. उजनी धरणात पाणी असले तरी शहरात नळ रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी भल्या पहाटे उठून हौदाचे लोखंडी झाकण सरकवणे, मोटार लावणे आणि गच्चीवरची टाकी भरली का ते पाहणे हे सत्तरीतल्या गुडघ्यांना झेपत नाही. मी पहिल्याच उन्हाळ्यात ते झाकण उचलताना कंबर धरून खाली बसलो. म्हणून ही कामे पाहणारा माणूस असलेली इमारत निवडावी.

विम्याचे काम निघण्यापूर्वीच सुरू करावे. अमेरिकेतील मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा इथल्या उपचारांचा खर्च सहसा देत नाही, आणि इथल्या नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. सत्तरीपुढील नागरिकांसाठीची आयुष्मान योजना भारतीय नागरिकांपुरतीच आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारे) कार्डधारकांनी तिच्या भरवशावर राहू नये.

अनिवासी भारतीयांसाठीचे एनआरई बँक खाते परतल्यावर तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलावे, आणि परकीय चलन राखायचे असल्यास आरएफसी, म्हणजे निवासी परकीय चलन, खाते उघडावे. दीर्घकाळ अनिवासी राहिलेल्यांना पहिली दोन-तीन वर्षे परदेशी उत्पन्नावरील करात बहुधा सवलत मिळते, त्यामुळे परतण्याची तारीख सनदी लेखापालाला विचारून ठरवावी. वडिलोपार्जित घराच्या मालमत्ता पत्रकावर नाव लागले आहे का, हेही स्वतः पाहावे.

मुले तिकडेच राहणार असतील, तर रुग्णालयात सही कोण करणार हे भाच्याला किंवा पुतण्याला समोर बसवून विचारावे. संकोच वाटतो, पण विचारावेच. तो हो म्हणाला, तर घराची दुसरी किल्ली, औषधांची यादी आणि मुलांचे फोन नंबर त्याच दिवशी त्याच्या हाती द्यावेत.