बाळंतपणानंतरचं इंजेक्शन आणि छातीतलं दुखणं

दवाखान्याच्या पिशवीत झबली-दुपटी खाली भरा. मदर कार्ड आणि जुने केसपेपर वर. लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून अर्धं आयुष्य गेलं माझं, ऐन वेळी कागद सापडत नाही तो नाहीच.

गरोदरपणात बीपी वाढलं होतं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, हृदयाची झडप खराब आहे, दमा आहे, असं काहीही असेल तर दाखल होतानाच सांगा. सासरी कळू नये म्हणून माहेरचे लपवतात. चारचौघांत नको तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा, पण सांगा.

बाळ झाल्यावर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून ऑक्सिटोसिन देतात: 10 युनिट दंडात किंवा मांडीत, नाहीतर सलाइनमधून सावकाश. शिरेतून झटक्यात गेलं तर बीपी कोसळतं, नाडी धावते. याच कामासाठीचं दुसरं औषध मेथर्जिन, त्याचं उलट. ते गर्भाशयाबरोबर रक्तवाहिन्याही आवळतं, त्यामुळे बीपी चढतं. क्वचित हृदयाची रक्तवाहिनी आखडून झटका येतो. म्हणून बीपीच्या किंवा हृदयाच्या पेशंटला ते टाळतात. रक्तस्राव थांबवायचं तिसरं इंजेक्शन कार्बोप्रोस्ट, ते दम्याच्या बाईला चालत नाही. ‘सिस्टर, हिला बीपी आहे हं,’ एवढं बोललात तरी पुरे. रक्त वाहत असताना मात्र डॉक्टरांशी हुज्जत घालू नका. त्या घटकेला रक्तस्रावच आधी जीव घेतो.

नंतर छाती आवळली, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरलं, दरदरून घाम आला, डोकं असह्य ठणकलं, आडवं पडलं की दम लागला, तर ‘वायू धरलाय’ म्हणत ओवा-शेपा चघळायला देत बसू नका. बीपी आणि ईसीजी लगेच काढायला सांगा. घरी असाल तर 108 लावा, बाळंतपण कधी झालं ते सांगा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या.

बाळ दगावलं की दूध आटवायच्या गोळ्या कुणीतरी परस्पर मेडिकलमधून आणतं. मला याचा फार राग येतो. त्यातल्या ब्रोमोक्रिप्टीनमुळे क्वचित फिट, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येतो. अमेरिकेत दूध आटवण्यासाठी तिचा वापर 1990 च्या दशकातच बंद झाला. आधार देणारी ब्रेसियर आणि गार पाण्याच्या घड्या यांनीही बऱ्याचजणींचं भागतं. गोळी हवीच असेल तर बीपी दाखवून डॉक्टरांकडूनच घ्या.

औषधाचा संबंध नसतानाही बाळंतपणानंतर पाचेक महिन्यांपर्यंत हृदय कमजोर होऊ शकतं. पाय सुजले, जिना चढताना धाप लागली, रात्री उशा रचून झोपावं लागलं, तर ‘बाळंतिणीला अशक्तपणा असायचाच’ हे ऐकून घेऊ नका. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.