सोयिंकांचं ‘द रोड’ करताय? आधी सालुबीचा युनिफॉर्म परत द्या

नायजेरियाचे नाटककार वोले सोयिंका यांच्या ‘द रोड’वर दरवर्षी माझ्याकडे निबंध येतात, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा एखादा ग्रुप ते मराठीत वाचायला नाहीतर बसवायला घेतो. नाटक नायजेरियातलं, १९६५ सालचं. पहिला प्रयोग त्याच वर्षी लंडनला, कॉमनवेल्थ कला महोत्सवात झाला. रस्त्याकडेची एक झोपडी, मोडक्या गाडीच्या सांगाड्यात थाटलेलं ‘अपघात स्टोअर’, कामाची वाट बघत पडलेली ड्रायव्हर-क्लीनर मंडळी आणि त्यांना खोटी लायसन्स बनवून देणारा एक प्रोफेसर. विषय काय, असं विचारलं की मुलं एका दमात सांगतात: भ्रष्टाचार आणि बेकारी. बरोबर आहे. पण पुढे त्याच त्या चुका होतात, आणि त्या दरवर्षी तोंडाने सांगून मी आता खरंच थकले आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन मथळे पाडणं. ‘नाटकातील भ्रष्टाचार’ या मथळ्याखाली पोलीस, पुढारी आणि प्रोफेसर. ‘नाटकातील बेकारी’ या मथळ्याखाली सालुबी, सॅमसन आणि कोतोनू. असे रकाने आखले की नाटक हातातून निसटलंच म्हणून समजा. कारण ‘द रोड’मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच, एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत. तो कागद म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स.

नीट बघा. सालुबी शिकाऊ ड्रायव्हर आहे. त्याच्याकडे युनिफॉर्म आहे, लायसन्स नाही. कोतोनूकडे लायसन्स आहे, पण एक कुजका पूल आणि त्यावरून खाली गेलेली एक लॉरी डोळ्यांनी पाहिल्यापासून त्याचा हात स्टिअरिंगला लागत नाही. तो बसला म्हणून त्याचा जोडीदार सॅमसनही बसला. आणि हा सॅमसन साधासुधा नव्हे, मोटार पार्कात, म्हणजे तिथल्या गाडीतळावर, पॅसेंजर भरण्यात एक नंबरचा. आता सालुबीला पोट भरायचं तर कागद हवा. कागद प्रोफेसर बनवतो. त्या कागदावर जो गाडी हाणेल, त्याच्या मागे बाकांवर माणसं बसलेली असतील. गाडी पडली की तिचे सुटे भाग ‘अपघात स्टोअर’मध्ये येतात, आणि तेच विकत सध्या कोतोनू बसलाय. सांगा बरं, यात भ्रष्टाचार कुठे संपला आणि बेकारी कुठे सुरू झाली?

पुढारीही याच साखळीत येतो. नाटकात त्याचं नावच चीफ-इन-टाऊन. तो येतो आणि से टोकियो किड या ड्रायव्हर-गुंडांच्या म्होरक्याकडे दहा माणसं मागतो, तीही आत्ताच्या आत्ता. सभेला की राड्याला, हे त्याला बोलून दाखवावं लागत नाही. तिथे लोळत पडलेल्या पोरांना दुसरं कोणी काम देत नाही, हा देतो. बेकारांनाही एक बाजारभाव असतो आणि तो कोण ठरवतो, हे सोयिंकांनी त्या छोट्याशा प्रवेशात दाखवलंय. निबंधात मात्र त्याची एक ओळ होते: ‘राजकारणी लोकही भ्रष्ट आहेत.’ अशी ओळ वाचली की मला फार वाईट वाटतं.

माझी सवय साधी आहे. लाल पेन्सिल घ्यायची आणि नाटकात जिथे जिथे कागद येतो तिथे खूण करायची: लायसन्स, गाडीचे पेपर, प्रोफेसर गोळा करत हिंडतो ती चिठ्ठ्याचपाट्यांची रद्दी. मग त्या खुणा एका बैठकीत सलग वाचायच्या. निबंधाचा सांगाडा तिथेच मिळतो.

आता युनिफॉर्मची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या ग्रुपने हे नाटक घेतलं. पोरं मेहनती होती, मला रंगीत तालमीला बोलावलं. पडदा उघडला तर सालुबी फाटक्या बनियनमध्ये. मी दिग्दर्शकाला विचारलं, युनिफॉर्म कुठे गेला? तो म्हणाला, “मॅडम, बेकार आहे ना तो. युनिफॉर्म घातला तर लोकांना वाटेल नोकरी आहे.” मी गप्प बसून पुढचं बघितलं. सॅमसन सालुबीच्या युनिफॉर्मवरून त्याला डिवचतो, ती वाक्यं तोंडावर पडली, म्हणून पोरांनी ती आधीच कापली होती. ती कापल्यामुळे सालुबी लायसन्स मागतो ती जागा भीक मागितल्यासारखी झाली. ती लांबतेय असं वाटून तिलाही कात्री. एक शर्ट काढला आणि पहिल्या अंकाचा कणाच गेला.

माझे वडील एसटीत चालक होते. त्यांचा एक खाकी शर्ट मी अजून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी तो धुऊन, इस्त्री करून घेऊन गेले आणि सालुबी करणाऱ्या मुलाला दिला. त्याने खालून एकेक बटण लावत आणलं. गळ्याचं बटण लागेना, काज घट्ट झालं होतं. तो मान वर करून, श्वास रोखून ते लावत राहिला. लागलं तेव्हा त्याची पाठ आपोआप ताठ झाली होती. मग त्याने खिसा चाचपला. लायसन्स ठेवायचा खिसा, आणि तो रिकामा. हे त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं. समोर सॅमसन करणारा मुलगा हसला, आणि कापलेली वाक्यं त्या दोघांना एकदम हवीशी वाटायला लागली.

सालुबीची सगळी तयारी झालेली आहे, फक्त दार उघडत नाही, आणि ज्या दाराने आत जाता येतं ते खोटं आहे. हे फाटक्या बनियनने कसं कळणार? बेकारी म्हणजे चिंध्या, हा झटपट मार्ग आहे आणि झटपट मार्गांवर माझा विश्वास नाही. पात्राने काय घातलंय हे नाटककाराने लिहिलं असेल तर बदलण्यापूर्वी निदान आठवडाभर ते घालून तालीम करा.

दुसरी चूक जी मला सहन होत नाही ती पोलिसाची. त्याचं नाव पर्टिक्युलर्स ज्यो. नायजेरियात गाडीच्या कागदपत्रांना ‘पर्टिक्युलर्स’ म्हणतात, म्हणजे हा ‘पेपर दाखव’वाला. आपली पोरं त्याला पोट बांधतात, मिशा लावतात, हातात दंडुका देतात आणि हशे घेतात. पण ज्यो त्या टोळक्यात येऊन बसतो, त्यांच्यातलं ओढतो, आपला वाटा घेतो, आणि त्याच वेळी तो एका लॉरीच्या शोधातही असतो. ड्रायव्हरांच्या उत्सवात, लोखंडाच्या आणि रस्त्याच्या देवाचा, ओगुनचा मुखवटा चढवलेल्या माणसाला उडवून गेलेली लॉरी. ती कोतोनूची. आधी नुसते हशे घेतले असतील तर ज्यो त्या लॉरीचा विषय काढतो तेव्हा प्रेक्षकाला भीती वाटत नाही, आणि ती वाटायलाच हवी. पैसे घेणारा माणूस ओळखीचा, बोलघेवडा, आपल्यात बसणारा असतो आणि म्हणूनच त्याच्या हातात आपली मान असते. ज्यो करणाऱ्याला मी एकच सांगते: आवाज खाली आण.

भाषेबद्दलही बोलायलाच हवं. सॅमसन, सालुबी ही मंडळी बरंचसं पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजीतून घडलेल्या मिश्र बोलीत बोलतात. मराठीत आणताना पोरं डोळे मिटून त्याची ‘गावंढळ’ बोली करतात आणि प्रत्येक वाक्य विनोदी होतं. पिजिन ही अडाण्याची इंग्रजी नाही. वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं जिथे एकत्र येतात त्या बाजाराची, बंदराची, मोटार पार्काची ती भाषा आहे. ती वेगवान आहे, टोचरी आहे आणि स्वतःच्या नियमांनी चालते. यावर माझा उपाय म्हणजे वही घेऊन एसटी स्टँडच्या बाहेर, वडापच्या जीप लागतात तिथे तासभर उभं राहायचं. “चला एकच सीट, एकच सीट” म्हणणारा पोरगा जीप अर्धी रिकामी असताना ते कसं म्हणतो, म्हातारीचं गाठोडं आधी कसं उचलतो, दुसऱ्या जीपवाल्याशी कोणत्या शब्दांत भांडतो, हे ऐकायचं. सॅमसनचा धंदा तोच आहे. समोरासमोर बाकं असलेल्या त्या लॉऱ्यांना नायजेरियात ‘बोलेकाजा’ म्हणतात. तिथल्या योरुबा भाषेत त्याचा अर्थ ‘खाली उतर, भांडू या’. मात्र नाटक उचलून साताऱ्याला आणू नका. कान इथे तयार करा, गोष्ट तिथेच राहू द्या.

काही चुका एका ओळीच्या. पैसे नायरात लिहू नका, नायरा १९७३ साली आला, नाटकात पौंड-शिलिंग-पेनी आहेत. लष्करी राजवटीचा संदर्भ देऊ नका, पहिलं बंड १५ जानेवारी १९६६चं, म्हणजे नाटकानंतरचं. ‘तेलाच्या पैशाने देश नासला’ हे वाक्य इथे चालत नाही: तेल १९५६ साली ओलोइबिरीला सापडलं खरं, पण पैशाचा पूर आला तो १९७३ नंतर, आणि सोयिंका कुजलेला पूल त्याआधीच दाखवून मोकळे झाले होते. सोयिंकांचं नोबेल १९८६चं आहे, त्यावर तीन परिच्छेद खर्च करू नका. त्यापेक्षा हे लिहा की १९८८ साली नायजेरियात रस्ता सुरक्षेसाठी राष्ट्रीय दल उभं राहिलं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष सोयिंकाच होते. खोटं लायसन्स हे त्यांच्यासाठी नुसतं प्रतीक नव्हतं. नाटकात येणारं ‘सार्जंट बर्मा’ हे गमतीचं टोपणनाव नाही: दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आफ्रिकेतले हजारो सैनिक भारतात उतरून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले होते, त्यांच्यातला तो एक. आणि जाहीर प्रयोग करणार असाल तर भाषांतराची परवानगी आधी मागा, तालमी सुरू झाल्यावर नव्हे.

प्रोफेसरला ‘भोंदूबाबा’ म्हणून निकालात काढणं हीसुद्धा घाईच. बऱ्याचदा मुलांची गल्लत होते ती सोयिंकांच्याच १९६० सालच्या नाटकातल्या ब्रदर जेरोशी. लागोसच्या समुद्रकिनाऱ्यावरचा जेरो धंदा म्हणून प्रेषितपण करतो आणि तसं प्रेक्षकांना सांगतोही. प्रोफेसर वेगळा आहे. चर्चमधून पैशाच्या संशयाचा डाग घेऊन बाहेर पडलेला हा माणूस खोटे कागद बनवतो आणि तितक्याच खऱ्या तळमळीने मृत्यूचं रहस्य उकलणारा ‘शब्द’ शोधतो, तोही अपघाताच्या जागी जाऊन. यातलं एक टोक छाटलं की भूमिका सोपी होते आणि मरते.

सारांश वाचून तालमीला येणाऱ्यांना तर मी परत पाठवते. पूल आणि उत्सव हे दोन्ही जुने प्रसंग मध्येच, काहीही न सांगता पुन्हा घडायला लागतात. ते सारांशात कळत नाहीत, मोठ्याने तीनदा वाचल्यावरच कळतात.

शेवटी एक वस्तू. प्रोफेसर रस्त्यावरची ‘वळण’ असं लिहिलेली पाटी उपटून घेऊन येतो. त्या कॉलेजच्या मुलांनी ती थर्माकोलची केली होती, एका बोटावर तोलली जात होती. आम्ही जुन्या बाजारातून लोखंडी पाइप आणि पत्रा आणला, वेल्डिंग करून घेतलं, बुडाला ओली माती थापली. प्रोफेसर करणारा मुलगा ती खांद्यावर घेऊन आला तेव्हा एका बाजूला वाकला होता. मातीचा एक लोंदा सालुबीच्या पायाजवळ पडला. त्याने खाली बघितलं आणि युनिफॉर्मला लागू नये म्हणून पाय मागे घेतला. ही पाटी जिथून उपटली त्या वळणावर आता काय होणार, हे कोणी बोललं नाही, आणि पहिल्या रांगेत बसलेली मुलं मात्र हलायची थांबली होती.