बाबांचा जुना पीसी टीव्हीला जोडताना

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बाबांना सतरा इंची मॉनिटरवरची अक्षरं लागेनात. २००९ साली घेतलेला पीसी मात्र ठणठणीत, विंडोज ७ अजून नीट चालतं. म्हणून तो हॉलमधल्या ३२ इंची टीव्हीला जोडला.

केबल आणायला लगेच दुकानात जाऊ नका. आधी दोन्हींच्या मागच्या बाजूचे मोबाइलवर फोटो काढा. आमच्या पीसीला फक्त निळं व्हीजीए, म्हणजे चित्राचं जुन्या पद्धतीचं सॉकेट, पाच-पाच भोकांच्या तीन ओळींचं. टीव्हीला फक्त एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही घेणारं चपटं सॉकेट. टीव्हीलाही व्हीजीए असेल तर साधी केबल पुरते. (तिच्यात एखादी पिन कमी दिसली तर घाबरू नका, बऱ्याच केबलींत नववी पिन नसतेच.)

आमच्यासारखं असेल तर कन्व्हर्टर, म्हणजे एका प्रकारचा सिग्नल दुसऱ्यात बदलणारी छोटी डबी लागते, आणि माझी चूक इथेच झाली. दुकानातून उलटा आला: एचडीएमआयचं व्हीजीए करणारा. दिसायला दोन्ही सारखेच, पण उलटा कितीही खटपट केली तरी चालत नाही. आपल्याला हवा तो 'व्हीजीए टू एचडीएमआय'. त्याच्या व्हीजीए बाजूला पिना असतात, कारण ती थेट पीसीत बसते. सोबत यूएसबीची वायर हवी, त्याला वीज लागते.

व्हीजीएतून आवाज जात नाही. कन्व्हर्टरला आवाजाचं छोटं भोक आहे ना, ते पाहूनच घ्या. पीसीच्या हिरव्या भोकातून तिथपर्यंत वायर जोडली की आवाज टीव्हीतून येतो.

जोडण्याआधी दोन्हींचे प्लग काढा. आमच्या घरात अर्थिंग नव्हतं, सीपीयूच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. हे टाळू नका, घरात म्हातारी माणसं आणि मुलं असतात.

जुना मॉनिटर असतानाच रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) १२८० बाय ७२० करून ठेवा, नाहीतर टीव्ही 'मोड नॉट सपोर्टेड' म्हणून काळा राहू शकतो. मग पीसी बंद करून केबल बदला, रिमोटवर सोर्स दाबून योग्य एचडीएमआय निवडा. चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा.

शेवटी कंट्रोल पॅनलमधल्या डिस्प्लेमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली. लॉग ऑफ करून परत आलो, तेव्हा बाबांनी माझ्या हातातून माउस घेतला.