आजी-आजोबांसाठी बाग करताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ रॅम्पमध्ये होतो. पुण्यातल्या एका सोसायटीत बागेचा चौथरा 45 सेंटिमीटर उंच होता. कमिटीने तीन पायऱ्या फोडून तेवढ्याच जागेत रॅम्प बसवला, लांबी जेमतेम दीड मीटर. थाटात फीत कापली. मग अर्धांगवायू झालेल्या एका काकांना वर चढवताना व्हीलचेअर मागे कलंडली. मागे मुलगा होता म्हणून डोकं वाचलं, पण काकांनी बागेचं नावच टाकलं. हिशेब सरळ आहे: 1 सेंटिमीटर चढायला निदान 12 सेंटिमीटर लांबी. 45 ला 5 मीटर 40 सेंटिमीटर झाले. जागा नसेल तर रॅम्प वळवा आणि वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा द्या. तिथे शेवटी पार्किंगच्या कडेने रॅम्प नेला. एका गाडीची जागा गेली, त्यावरून सभेत केवढी भांडणं! पण काका आता रोज संध्याकाळी बागेत असतात.

दुसरं, उंच वाफे. गवंडी खालपासून वरपर्यंत वीटकाम करून मोकळा होतो. खुर्चीतल्या माणसाचे गुडघे भिंतीला अडतात आणि कंबर पिळून माती उकरावी लागते. गुडघ्यांसाठी खाली 70 सेंटिमीटर मोकळे सोडा, वर उथळ ट्रे ठेवा. मेथी-कोथिंबिरीला 15 सेंटिमीटर माती पुरते. वाफा एकाच बाजूने हाताळायचा असेल तर रुंदी 60 च्या वर नको. मी तर गवंडी यायच्या आधी त्या व्यक्तीला तिच्याच खुर्चीत बसवते आणि हात पोचेल तिथे खडूने रेघ मारते. शनिवार-रविवारात बाग उरकणाऱ्यांना एवढाही धीर नसतो, याचा मला खरंच राग येतो.

गुळगुळीत कोटा फरशी नकोच. पावसाळ्यात शेवाळ धरलं की खुब्याचं हाड गेलंच म्हणून समजा. खरबरीत शहाबादी घ्या, बादलीभर पाणी ओतून तिच्यावर ओल्या चपलेने चालून बघा. वाटेवर सुटी खडी टाकू नका, चाकं रुततात. बाकाला दोन्ही बाजूंनी हात हवेत, नाहीतर उठणार कसं? स्टीलचा कठडा मे महिन्यात हाताला चटके देतो. दहा लिटरची भरलेली झारी दहा किलोच्या वर जाते, तेव्हा नळ वाफ्याशीच द्या. घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस असेल तर कण्हेर अजिबात लावू नका, ती मुळापासून फुलापर्यंत विषारी. नजर अधू असलेल्यांसाठी मोगरा आणि गवती चहा वाटेच्या कडेला, हाताला लागेल असा लावा.